काकांचे कान

आमच्या घरमालकांच्या दाराला बेल होती, पण ती वाजत नसे. बटण दाबलं की आत कुठेतरी टक् असा ठोका पडायचा आणि बस. लग्नानंतर डोंबिवलीत भाड्याची खोली बघायला आम्ही दोघं गेलो तेव्हा मी ते बटण चार वेळा दाबलं. बिघडलंय असं समजून कडी वाजवणार, तेवढ्यात दार उघडलं आणि एक उंच, किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. अंगात बंडी, खाली खाकी अर्धी चड्डी, आणि सुतार पेन्सिल खोचतो तशी कानावर एक उदबत्ती खोचलेली.

"एकदा दाबलं तरी पुरतं," ते म्हणाले. "चार वेळा खुर्ची उडाली माझी."

खुर्ची खरोखरच उडाली होती. त्यांनी तांब्याच्या तारेची एक गुंडाळी खुर्चीखाली बसवली होती. बटण दाबलं की तिच्यात वीज खेळायची, आतला लोखंडी गज सटकन वर जायचा आणि खुर्चीच्या फळीवर खालून आपटायचा. या प्रकाराला सोलेनॉइड म्हणतात, हे त्यांनी उंबऱ्यातच सांगितलं. आम्ही कोण, कुठले, हे मागाहून विचारलं. मला आवाज सहन होत नाही, म्हणून बेल अशी, असा खुलासाही केला.

मी तेव्हा कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसाचे आठ तास कानात हॅलो हॅलो घेऊन घरी यायचं. आवाज सहन न होणारा घरमालक म्हणजे मला देव भेटल्यासारखं झालं. नवऱ्याला नळाची काळजी होती, मी मात्र त्या बेलवरच खोली पसंत केली.

आता टिटवाळ्याच्या आमच्या फ्लॅटला पाखरासारखी चिवचिवणारी बेल आहे. ती चिवचिवली की माझं डोकं उठतं आणि काकांची आठवण येते. सगळे त्यांना काकाच म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

काकांच्या घरात काही नियम होते. मागून हाक मारायची नाही. "माणसाने समोर येऊन बोलावं, पाठीशी काय बोलायचं," असं ते म्हणत. एका वेळी दोघांनी बोलायचं नाही. आणि कुणी कितीही पुटपुटलं तरी काका कधी 'काय म्हणालात?' असं विचारत नसत, नुसती मान डोलवत. या मानेपायी एकदा दूधवाल्याने रोज चार लिटर दूध टाकायला सुरुवात केली. काकूंनी आठवडाभर खरवसापासून पेढ्यांपर्यंत जे जे दुधाचं होतं ते सगळं केलं आणि आम्हा भाडेकरूंची चंगळ झाली. पण काकांनी चूक कबूल केली नाही. दूध अंगाला चांगलं असतं, एवढंच म्हणाले.

काकूंचं आणखीच वेगळं. आमच्याशी बोलताना त्यांचा आवाज अगदी बारीक, गोड. काकांशी बोलताना मात्र एकदम घोगरा आणि जाड. पहिल्या आठवड्यात भिंतीपलीकडून तो ऐकून मी नवऱ्याला विचारलं होतं, की यांच्याकडे कुणी पाहुणे राहायला आलेत का.

काका एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात पत्र्याची शेड घातली आणि जुन्या गाड्या दुरुस्त करायला घेतल्या. कुठल्याही नव्हे. चार चाकं आणि इंजिन यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, त्याला कोपऱ्यावरचा गॅरेजवाला समर्थ आहे म्हणायचे. काकांकडे यायच्या त्या परदेशी बनावटीच्या, वीस-पंचवीस वर्षांच्या थोराड गाड्या, ज्यांच्यात निम्मी कामं हवेच्या ओढीने चालत.

हे मला त्यांनी इतक्या वेळा समजावलंय की मी झोपेतही सांगेन. इंजिन चालतं तेव्हा ते हवा आत ओढतं. काही गाड्यांत ही ओढ एका पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवतात, आणि तिच्या जोरावर कुणाच्या दारांची कुलपं लागतात, कुणाच्या गार-गरम हवेच्या झडपा हलतात, तर कुणाच्या पुढच्या दिव्यांवरची झाकणं उघडतात. हुकूम द्यायला ड्रायव्हरसमोर एक खुंटी असते. तिच्या पाठीमागे रबराच्या आठ-दहा नळ्या येऊन मिळतात आणि खुंटी फिरवली की कुठली नळी कुठल्या नळीला जोडायची ते ठरतं. गाडी म्हातारी झाली की ही खुंटी आतून झिजते, नळ्यांना चिरा पडतात, हवा गळायला लागते आणि सगळी कामं अर्ध्यावर राहतात.

"दहा नळ्या म्हणजे दहा भोकं," काका म्हणायचे. त्यांचा उपाय ठरलेला होता. ओढ आहे तशी राहू द्यायची, पण नळ्या ड्रायव्हरपर्यंत आणायच्याच नाहीत. डब्याच्या जवळ, बॉनेटखाली, विजेवर चालणारे छोटे सोलेनॉइडचे व्हॉल्व्ह बसवायचे आणि खुंटीपर्यंत फक्त वायर न्यायची. "ताकद जुनी, हुकूम नवा," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि ते म्हणताना ते उगाचच छाती पुढे काढत.

हे व्हॉल्व्ह ते विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्यांकडून आणत. कापड रंगवायच्या मोडीत निघालेल्या यंत्रांतले ते असत आणि घरच्या विजेवर चालणारे असत. गाडीच्या बारा व्होल्टवर चालावेत म्हणून त्यांची तार काढून नवी गुंडाळावी लागे. गुंडाळायचं यंत्र काकांनी शिवणयंत्राच्या चाकाचं बनवलं होतं, आणि वेढे मोजायचं काम काकूंकडे होतं. काकू संध्याकाळी तुळशीसमोर पाट टाकून बसायच्या, डाव्या हाताने चाक फिरवायच्या आणि उजव्या हातात जपमाळ. एका वेढ्याला एक मणी. दहा माळा झाल्या की हजार वेढे, असा हिशेब. त्या निमित्ताने जपही व्हायचा.

माळेत मणी एकशेआठ असतात हे माझ्या लक्षात आलं तेव्हा काकूंनी पन्नासेक गुंडाळ्या केल्या होत्या. जपाची माळ शंभराचीच धरायची असते, वरचे आठ चुकलेमाकल्यासाठी, असं काकूंनी मला घोगऱ्या नव्हे, गोड आवाजात समजावलं. म्हणजे प्रत्येक गुंडाळीत ऐंशी वेढे जास्त. मी धावत जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. काकूंच्या गुंडाळ्या कमी का तापतात हे कोडं त्यांना वर्षभर पडलं होतं, ते तिथे सुटलं. मग म्हणाले, "आता तिला शंभरावर थांबायला सांगू नकोस." मी सांगितलं नाही.

गाडी तपासायची काकांची पद्धत बघायला गल्लीतली माणसं जमायची. आधी कानावरची उदबत्ती काढून पेटवायची. मग इंजिन चालू ठेवून ती प्रत्येक नळीवरून, प्रत्येक जोडावरून हळूहळू फिरवायची. जिथे गळती असेल तिथे धूर सरळ वर जायचा सोडून वळायचा आणि नळीत शिरायचा. मालकाला वाटे, काका गाडीची पूजा करतायत. एका गृहस्थांनी तर चपला काढून हात जोडले होते. त्यानंतर काका नळीचं एक तोंड जिभेला लावून दुसरीकडून ओढ देत आणि नळी जिभेला चिकटून किती वेळ लोंबकळते ते मनात मोजत. त्या अवस्थेत मालकाने काही विचारलं तर काका उत्तरही देत, पण ते कुणाला कळत नसे.

आणि तरीही ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्यांची ख्याती होती ती कानांची. कारखान्यात म्हणे वीस कॉम्प्रेसर धडधडत असताना काका दारात उभे राहून कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते सांगत. डोंबिवलीचे काका कानाने गाडी ओळखतात, असं जो तो सांगे. गाडीवाले यायचे ते हे ऐकूनच.

एका रविवारी आमच्या स्कूटरच्या चाकातून हवा जात होती. काका स्कूटरला टेकून उभे होते आणि लाउडस्पीकरमुळे समाजाचं कसं वाटोळं झालंय ते मला सांगत होते. त्यांच्या पायाशी स्स्स असा आवाज चाललेला, मला तो जिन्यात उभी असूनही ऐकू येत होता. काका दहा मिनिटं बोलले. स्कूटर खाली खाली बसत गेली आणि तिच्याबरोबर काकाही तिरके होत गेले. शेवटी तोल गेला तेव्हा त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेडमध्ये निघून गेले.

माझा धंदाच कानांचा. त्या दहा मिनिटांत मला सगळं कळलं. आवाज न करणारी बेल, मागून हाक मारायची बंदी, काकूंचा घोगरा आवाज, डोलणारी मान. समोरच्या माणसाचं जाड आवाजातलं बोलणं त्यांना कळत होतं, पण बारीक आवाज संपले होते. कुकरची शिट्टी, पाखरं, आणि गळणारी हवा. सोलेनॉइडचं एवढं वेड का, तेही मला तेव्हाच उमगलं. गळतीची स्स्स त्यांच्या कानाला ऐकू येत नव्हती, पण सोलेनॉइड चाललं की त्याचा टक् बोटाला कळत होता.

त्याच संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. स्कूटरचा प्रकार त्यांनी खिडकीतून पाहिला होता. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस गं. कान गेले हे कळलं तर एक गाडी दारात यायची नाही. आणि गाडी आली नाही तर हे भिंतीकडे बघत बसतील." कानातलं यंत्र घ्या म्हणून त्यांनी सांगून पाहिलं होतं. ते लावून गाडी तपासायला बसलो तर लोक काय म्हणतील, असं काकांचं उत्तर होतं. मला काकांची फार दया आली, आणि लगेच वाटलं की हे त्यांना कळलं तर ते मला खोली खाली करायला सांगतील.

पुढच्या रविवारी काकांनीच मला खाली बोलावलं. बॅटरी धरायला कुणीतरी हवं म्हणाले. उन्हं लख्ख पडलेली, बॅटरीचं काही काम नव्हतं. मी बॅटरी धरून उभी राहिले. इंजिन चालू होतं आणि उजव्या बाजूला, खाली, बारीक स्स्स येत होती. सांगायचं कसं? मालक शेजारीच. मी उजव्या मडगार्डवर बोटाने हळूच दोनदा ठोकलं. काकांचा तळवा बॉनेटवर टेकलेला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उदबत्ती घेतली आणि सरळ उजवीकडे गेले. मालक थक्क झाला.

मग ते ठरूनच गेलं, कुणीही कुणाला काही न सांगता. डावीकडे असेल तर एकदा, उजवीकडे असेल तर दोनदा, आत ड्रायव्हरसमोर असेल तर तीनदा. मी रविवारची वाट बघायला लागले. आठवडाभर एक्स्चेंजमध्ये अनोळखी माणसांसाठी कान द्यायचे आणि रविवारी काकांसाठी, यात मला मनापासून आनंद होता. ते निमित्तं मात्र दर वेळी नवी काढत. कधी पाना धर, कधी फडका धर. एकदा तर नुसतीच सावली धर म्हणाले.

असे दोन-तीन पावसाळे गेले, आणि एके दिवशी ठाण्याच्या खाडीकडचा एक नाखवा आपली गाडी घेऊन आला. आमच्या फाटकापुढे गटार होतं आणि त्यावर जाड फळ्या टाकलेल्या होत्या. काका दिवसातला बराच वेळ त्या फळ्यांवरच उभे असत, कारण गाडी आलेली त्यांना पायातून कळे. त्या दिवशी फळ्या अशा वाकल्या की काका उडी मारून बाजूला झाले. पांढरीशुभ्र, होडीएवढी लांब अमेरिकन गाडी होती ती. पुढचे दिवे झाकणांमागे लपलेले. एक झाकण बंद, दुसरं अर्धवट उघडं.

नाखवा पन्नाशीचा होता, रुंद खांद्यांचा, गळ्यात सोन्याची जाड साखळी. त्याच्या तीन होड्या होत्या, पण जीव या गाडीवर. कोळीवाड्यातली प्रत्येक नवरी हिच्यातून सासरी जाते, असं त्याने आल्या आल्या सांगितलं. आदल्या आठवड्यात तिन्हीसांजेला घोडबंदर रोडने येत असताना दिव्यांची झाकणं आपोआप मिटली होती. तो रस्ता तेव्हा अगदी सामसूम असे. समोरून ट्रक आला, आणि गाडी रस्त्याखाली उतरवली म्हणून तो वाचला. घरातले आता गाडी विकून टाक म्हणून मागे लागले होते.

"मना सगल्यांनी सांगितलं, डोंबिवलीचा काका कानानं गारी वलखतो," नाखवा म्हणाला. "तवा तुमी आयका, आन तुमचे तोंडानं सांगा का गारी बरी झाली. मंगच मी तिच्यान नवरी बसवीन."

काकांनी मान डोलवली. या खेपेस त्यांनी सगळं नीट ऐकलं होतं, कारण नाखव्याचा आवाज भरपूर जाड होता. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

गाडी तीन आठवडे शेडमध्ये होती. काकांनी जीव ओतून काम केलं. खुंटी बाहेरून जुनीच ठेवली, कारण नाखव्याच्या हाताला सवय होती. तिचं पोट मात्र रिकामं करून आत विजेचे संपर्क बसवले. बॉनेटखाली चार व्हॉल्व्ह एका पट्टीवर रांगेत लावले, काकूंच्या चाळीस माळा त्यांत गेल्या. खुंटी फिरवायची आणि बोट व्हॉल्व्हवर ठेवायचं. टक्. झाकणं उघडायची. पुन्हा टक्. झाकणं मिटायची. काका लहान पोरासारखे पन्नास वेळा ते करत बसायचे, आणि काकू दारातून बघत हसायच्या.

गाडी न्यायला नाखवा आला तो नवी टोपी घालून. काकांनी इंजिन चालू केलं, खुंटी फिरवली, झाकणं झटक्यात उघडली. नाखवा मात्र खूश दिसेना. तो गाडीच्या पुढे उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, आता तुमी आयका. अंगणात सगळे गप्प झाले. काकाही बॉनेटवर तळवा टेकून डोळे मिटून उभे राहिले.

आणि मला ऐकू आली. डावीकडून, अगदी बारीक, स्स्स. सकाळपर्यंत नव्हती ती. कुठलातरी जोड सैल झाला असणार. काकू माझ्याकडे बघत होत्या. काकांनी आत्ता गाडी बरी झाली म्हणून सांगितलं असतं तर त्यांचं नावच गेलं असतं, आणि पुढे कधीतरी त्या गाडीत नवरी बसलेली असती. मी मडगार्डवर बोटाने ठोकलं. एकदा.

काकांनी डोळे उघडले. उदबत्ती पेटवली, डावीकडे वाकले, आणि तिसऱ्या नळीपाशी धूर वळला. त्यांनी नळी अंगठ्याने आत रेटली, वरून तारेचा फास आवळला आणि उदबत्ती पुन्हा फिरवली. धूर सरळ वर गेला. मग ताठ उभे राहून त्यांनी सांगितलं, की आता गाडी बरी झाली. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की नाखव्याचे डोळे उघडे आहेत आणि तो माझ्या बोटाकडे बघतोय.

काकूंनी दिलेला चहा तो बशीत ओतून प्यायला. गाडीत बसला, ती फळ्यांवरून हळू बाहेर काढली आणि रस्त्यावर थांबवली. काका फाटकाशी फळ्यांवर येऊन उभे राहिले होते. रस्त्याकडे पाठ करून ते काकूंना काहीतरी सांगत होते. नाखवा खाली उतरला. त्याने हाक मारली नाही, हॉर्नही वाजवला नाही. फळीच्या टोकाशी आला आणि तिच्यावर दोनदा पाय आपटला.

काका गर्रकन वळले.

काकूंनी तोंडावर पदर धरला. एवढी वर्षं जपलेली गोष्ट फळीच्या दोन ठोक्यांत उघडी पडली होती, आणि हे काकांनाही कळलं होतं. ते नुसते उभे होते, कानावर विझलेली उदबत्ती.

नाखवा त्यांच्या अगदी समोर आला आणि मुद्दाम सावकाश बोलू लागला. "माजा बापूस इंजिनाचे होरीवर तीस वर्सं व्हता. त्याला हाक मारायची तं आमी असाच फलीवर पाय आपटायचो. आमचे घरान सगल्यांनाच म्हाइत हाय ही हाक." मग त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. "पोरीनं ठोकलं तवाच वलखलं मी."

नाखवा दोन पावलं गाडीकडे गेला, आणि जाता जाता, पाठमोरा, आणखी काहीतरी म्हणाला. मला ते स्पष्ट ऐकू आलं. काकांना येणं शक्यच नव्हतं. आता ते नेहमीसारखी मान डोलवतील, असं मला वाटलं.

काकांनी मान डोलवली नाही. वाकून, समोरच्या फळीवर तळव्याने दोनदा थाप मारली. नाखव्याच्या पायांखाली फळी होतीच, तो वळला.

"काय म्हणालात?" काका म्हणाले. "मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

नाखवा परत त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "भावाची पन अशीच एक गारी हाय," तो म्हणाला. "येते रयवारी घेऊन येतो. चालंल ना?"

"आणा," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, तू आहेस ना रविवारी? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बॅटरी, पाना, सावली यांतलं काहीच धरायला सांगितलं नाही.